दिवसा लावलेला कंदील

गेल्या महिन्यात या सदरात मी 'अ‍ॅग्रेत्सुको' या जपानी कार्टून मालिकेबद्दल लिहिलं होतं. रेत्सुको ही लाल पांडा, वय २५, टोकियोतल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला. दिवसभर सगळ्यांना "हो, करते" म्हणायचं आणि रात्री कॅराओकेच्या बंद खोलीत डेथ मेटल, म्हणजे घसा फाडून गायचं कर्कश रॉक संगीत, गात सगळा संताप बाहेर काढायचा. काम येणं आणि काम येतंय असं दिसणं यांतल्या अंतराची ही गोष्ट आहे, असं एक वाक्य मी जाता जाता लिहून गेले होते. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्यावर. मी स्वतः अकरा वर्षं टोकियोत नोकरी केली, तीही हिशेब विभागातच. तेव्हा या वेळी फक्त तीच पत्रं घेते.

प्रश्न : ताई, त्या मालिकेतला तोन हा साहेब कामाच्या वेळात गोल्फची काठी फिरवत बसतो आणि स्वतःची कागदपत्रं रेत्सुकोच्या टेबलावर आणून टाकतो. असं असताना त्यालाच हिशेबात पक्का का दाखवलाय? त्याच्यावरचा आमचा राग फुकट गेला.

राग फुकट गेलेला नाही, तो तसाच राहू द्या. तोन वाईटच वागतो. रेत्सुकोला तो 'कोशिकाके' म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ टेकायचं आसन. लग्न ठरेपर्यंत नोकरीत नुसती टेकलेली मुलगी, असा तो टोमणा आहे. हा शब्द बायकांना किती लागतो, हे मी ऑफिसात जवळून पाहिलेलं आहे. पण त्याच तोनच्या हातात सोरोबान, म्हणजे जपानी मणीपाटी, आली की बोटं अशी चालतात की बघत राहावं. पुढे चौथ्या मोसमात तरुण नवा अध्यक्ष येतो, सगळं संगणकावर न्यायचं म्हणतो, आणि तोन एकाएकी जुनाट ठरतो. तिथे मालिका आपल्याला अवघड जागी उभं करते. माणूस वागायला वाईट आणि कामाला पक्का, दोन्ही एकदम असू शकतो. आपल्याला आवडत नाही त्याला काम येत नसणार, असं आपण मनाशी धरून चालतो. ते खरं असलं असतं तर ऑफिसं चालवणं फार सोपं झालं असतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तोन पाहताना मला दर वेळी ती आठवते.

आमच्या विभागात खिडकीशी एक गृहस्थ बसत. वय अठ्ठावन्न. जपानीत अशांना 'मादोगिवा-झोकु' म्हणतात, खिडकीकाठची जमात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द रूढ झाला. जन्मभराच्या नोकरीच्या पद्धतीत कामावरून काढता येत नाही आणि बढतीही द्यायची नाही, अशा ज्येष्ठांना खिडकीजवळचं टेबल द्यायचं, काम मात्र द्यायचं नाही. हे गृहस्थ सकाळी वर्तमानपत्र वाचायचे, जुन्या फायलींवर नवी लेबलं चिकटवायचे आणि साडेपाचला उठायचे. मी त्यांच्याशी तीन वर्षांत 'सुप्रभात' आणि 'दमलात ना' यापलीकडे बोलले नव्हते. त्यांना काही येत असेल हा विचारच माझ्या मनात कधी आला नाही.

जपानी कंपन्यांचं हिशेबाचं वर्ष बहुधा एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे ३० सप्टेंबरला अर्धं वर्ष मिटवायचं. त्या वर्षी २ ऑक्टोबरच्या रात्री आमचा ताळा जुळत नव्हता. फरक ५४,००० येनचा. रक्कम छोटी, पण जुळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आम्ही चौघं पडद्यांसमोर बसून एकेक नोंद वरून खाली तपासत होतो. आमचे काकारिचो, म्हणजे गटप्रमुख, दर अर्ध्या तासाने वर फोन करून प्रगती कळवत होते. प्रगती काही नव्हती, पण फोन फार व्यवस्थित होत होते.

ते गृहस्थ त्या दिवशी का थांबले होते मला माहीत नाही. साडेअकराच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी आले आणि हलकेच म्हणाले, "फरक किती आहे?" मी सांगितला. त्यांनी खिशातून छोटा सोरोबान काढला, चार-पाच मणी सरकवले. "नऊने भाग जातो. म्हणजे कुणीतरी शेजारचे दोन आकडे उलटे टाइप केलेत. भागाकार सहा हजार. तेव्हा हजाराचा आणि दहा हजाराचा आकडा बघा, त्यांच्यात सहाचा फरक हवा. ७१, ८२, ९३, असं काहीतरी."

हिशेबनिसांची ही जुनी खूण आहे. पुस्तकात मीही वाचली होती. वाचलेलं वेळेला आठवणं ही वेगळी गोष्ट. ते कागदी बिलांचा गठ्ठा घेऊन खिडकीशी गेले. अंगठ्याने एकेक कोपरा उचलायचा, फक्त रकमेवर नजर टाकायची, पुढे. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी एक बिल बाहेर काढलं. माल पोहोचवणाऱ्या कंपनीचं, ८२,००० येनचं. आमच्या नोंदीत २८,०००. आम्ही सगळे शेवटच्या गाडीसाठी धावलो.

सकाळच्या बैठकीत काकारिचोंनी बुचोंना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगितलं की "आमच्या गटाने" रात्री चूक शोधली. वाक्य खोटं नव्हतं. बुचोंनी मान डोलावली, गटाचं कौतुक झालं, त्यात माझंही झालं. खिडकीकडे कुणी पाहिलं नाही. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. तोनच्या सोरोबानवर मी इतकं का अडून बसते, ते आता तुमच्या लक्षात येईल.

प्रश्न : हाताखालचा माणूस आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे झुकवून मारतो, म्हणजे शिक्कासुद्धा नमस्कार करतो, हे खरं की विनोदासाठी रचलेलं?

खरं आहे. त्याला 'ओजिगी-इन' म्हणतात, वाकून नमस्कार करणारा शिक्का. जपानी ऑफिसात सहीऐवजी स्वतःच्या नावाचा शिक्का मारायची रीत, त्यासाठी मंजुरीच्या कागदावर चौकोन आखलेले असतात. वरिष्ठाचा चौकोन डावीकडे असेल तर आपला शिक्का किंचित डावीकडे कलवायचा. सगळीकडे ही पद्धत नाही, पण बँकांसारख्या जुन्या वळणाच्या ठिकाणी तिचं नाव निघतं. २०२०मध्ये तारो कोनो हे प्रशासकीय सुधारणांचे मंत्री झाले आणि सरकारी कामातले अनावश्यक शिक्के बंद करा म्हणून त्यांनी मोहीमच काढली. करोनाच्या दिवसांत लोक केवळ शिक्का मारायला आगगाडीने ऑफिसात जात होते, त्या पार्श्वभूमीवर हे बरंच झालं.

प्रश्न : माझा मुलगा ओसाकातल्या एका कंपनीत नुकताच लागला आहे. त्याचं काम सहाला संपतं, पण कुणीच उठत नाही, म्हणून तोही आठपर्यंत बसतो. फोनवर म्हणतो, "आई, मी काम करताना दिसण्याचं काम करतोय." मला हसू येतं आणि काळजीही वाटते. त्याने काय करावं?

तुमच्या मुलाने जे सांगितलं त्याला तिथे नाव आहे, 'त्सुकिआइ झान्ग्यो'. सोबत म्हणून केलेलं जादा काम. साहेब बसलाय म्हणून मी बसलो, मी बसलो म्हणून शेजारचा बसला. जपानी विनोदी मालिकांत हा प्रसंग हमखास येतो. सगळे घड्याळाकडे चोरून बघताहेत आणि कुणी पहिला उठत नाही. पाहताना हसू येतं. रोज तसं बसणाऱ्याचं आयुष्य त्यात जातं.

पहिली गोष्ट कायद्याची. कामाच्या पद्धतीत सुधारणा करणारा कायदा एप्रिल २०१९पासून मोठ्या कंपन्यांना आणि २०२०पासून लहान-मध्यम कंपन्यांना लागू झाला. त्यानुसार जादा कामाची नेहमीची मर्यादा महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी साहेबांनाच आता जादा तास कमी दाखवायचे असतात. मुलाला नुसतं विचारू द्या, आमच्या विभागात महिन्याचे तास कसे मोजतात? प्रश्न साधा आहे, तो विचारल्याने कुणी रागावणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची. मी पहिली दोन वर्षं अशीच बसले. नंतर एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला शिकवलं की उठायची रीत असते. उठण्याआधी दहा मिनिटं शेजारच्याला विचारायचं, "माझ्याकडून काही हातभार हवा का?" मनापासून विचारायचं, आणि हो म्हणाला तर खरंच करायचं. नाही म्हणाला की उद्या सकाळी काय हातात घेणार ते एका वाक्यात सांगायचं आणि "ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु" म्हणून निघायचं. 'तुमच्या आधी निघते, क्षमा असावी', असा त्याचा अर्थ. हे वाक्य नुसती औपचारिकता नाही. आपण त्यांच्या ओझ्याची दखल घेऊन निघतोय, हे त्यातून पोहोचतं. मी असं निघायला लागले आणि माझ्याबद्दलचं मत बिघडलं नाही, उलट हिचं काम वेळेत होतं असं लोक म्हणायला लागले.

म्हणून सगळा देखावा वाईट, असंही मुलाला सांगू नका. लिफ्टमध्ये बटणांपाशी उभं राहणं, व्हिजिटिंग कार्ड देताना आपलं कार्ड समोरच्याच्या कार्डापेक्षा थोडं खाली धरणं, कुणी सांगत असताना वहीत टिपून घेणं, हे त्याने मनापासून शिकावं. यात समोरच्याला आपण दिसतो. रिकाम्या पडद्यासमोर आठपर्यंत बसण्यात कुणालाच काही दिसत नाही.

प्रश्न : या विषयावर जुने जपानी चित्रपट आहेत का? कार्टून बघायला माझं मन घेत नाही, माझं वय ७१ आहे.

भरपूर आहेत. नोकरदारांच्या विनोदी चित्रपटांची तिथे मोठी परंपरा आहे. तुमच्यासाठी दोनच नावं काढते.

एक, १९६२चा 'निप्पोन मुसेकिनिन जिदाइ'. नावाचा अर्थ साधारण 'जपानचा बेजबाबदार काळ'. हितोशी उएकी या नटाने यात एक गोडबोल्या माणूस केलाय. तो दारूच्या कंपनीत शिरतो आणि नुसत्या जिभेच्या जोरावर वर चढत जातो. काम शून्य, हास्य मोठं. देशभर लोक राबत होते, अर्थव्यवस्था धावत होती, आणि त्याच लोकांनी या माणसाला डोक्यावर घेतलं.

पण मला त्या नटाची गोष्ट जास्त प्रिय आहे. उएकी स्वतः अतिशय गंभीर, शिस्तीचा माणूस, दारूला न शिवणारा. वडील बौद्ध धर्मोपदेशक. चित्रपटाच्या आदल्या वर्षी, १९६१मध्ये, त्याच्याकडे एक गाणं आलं. दारू, जुगार, बाईचा नाद, कळतंय पण सुटत नाही, अशा आशयाचं. असलं गाणं म्हणावं की नाही या पेचात तो वडिलांकडे गेला. वडील चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी मात्र सांगितलं, कळूनही सुटत नाही, हेच तर माणसाचं खरं आहे. शिनरान या संताने हेच शिकवलं, तू खुशाल गा. ते गाणं घरोघर पोहोचलं आणि उएकी जन्मभर बेजबाबदार माणसाचा चेहरा झाला. त्या चेहऱ्यामागे तालमीला वेळेवर येणारा कष्टाळू माणूस होता. इथे उलटा प्रकार आहे बघा. काम येत असताना, येत नाही असं दिसण्यासाठी घेतलेली मेहनत.

दुसरं नाव 'त्सुरिबाका निश्शी', मासेमारीच्या वेड्याची रोजनिशी. १९७९मध्ये ही चित्रकथा सुरू झाली. १९८८ ते २००९ या काळात तिच्यावर २२ चित्रपट निघाले. हामा-चान हा बांधकाम कंपनीतला साधा कर्मचारी, ऑफिसात कुचकामी, पण गळ टाकावा तर त्यानेच. एका एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याशी त्याची ओळख होते, तो त्याला मासे धरायला शिकवतो. तो म्हातारा त्याच्याच कंपनीचा अध्यक्ष असतो. कंपनीत हा सगळ्यात खाली, पाण्यावर गेलं की अध्यक्ष त्याचा शिष्य. अध्यक्षाच्या भूमिकेत रेनतारो मिकुनी आहेत. पहिला मासा लागतो तेव्हाचा त्यांचा लहान मुलासारखा आनंद तुम्हाला फार आवडेल असं वाटतं. यापासूनच सुरुवात करा.

प्रश्न : तुम्ही आळशी लोकांची बाजू घेताय. अशा कथांत कामचुकार शेवटी गुणी निघतो. प्रत्यक्षात कामचुकार हा कामचुकारच असतो आणि त्याचं काम आमच्यासारख्यांना करावं लागतं.

तुमच्या पत्रातला थकवा जाणवला, आणि तुमचं म्हणणं पुष्कळ अंशी बरोबर आहे. जपानीत 'हिरु-आन्दोन' असा शब्द आहे. आन्दोन म्हणजे कागदी कंदील. दिवसा लावलेला कंदील, म्हणजे असून नसल्यासारखा माणूस. आको संस्थानचे मुख्य कारभारी ओइशी कुरानोसुके यांना लोक असं म्हणत, अशी आख्यायिका आहे. पुढे धन्याच्या मृत्यूनंतर जानेवारी १७०३मध्ये ४७ सामुराईंनी सूड घेतला, त्यांचं नेतृत्व याच माणसाने केलं. जपानी मनाला ही गोष्ट इतकी आवडते की प्रत्येक मंद माणसात त्यांना कुरानोसुके दिसतो. 'ज्याला शिकार येते तो ससाणा नखं लपवतो' ही म्हणही त्यांचीच. यातून कामचुकारांना आयतं पांघरूण मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरी 'अ‍ॅग्रेत्सुको' पुन्हा एकदा पाहा, या वेळी नजर रेत्सुकोवरच ठेवून. ती विभागातली सगळ्यात भरवशाची कर्मचारी आहे आणि तिला कुणी हुशार म्हणत नाही. का? ती नाही म्हणत नाही, म्हणून तिचं काम कुणाला दिसत नाही. शेजारी त्सुनोदा ही हरणी आहे, साहेबाची स्तुती करण्यात वाकबगार. जपानीत अशा वागण्याला 'गोमासुरी' म्हणतात, तीळ वाटणं. वाटलेले तीळ खलबत्त्याला सगळीकडून चिकटतात, तसं चिकटून राहणं. दुसऱ्या मोसमात अनाइ नावाचा नवा मुलगा येतो. तो प्रत्येक सूचना ई-मेलवर लेखी मागतो आणि सगळ्यांना धाकात ठेवतो. त्याला कोण सांभाळतं? सगळे जिला नुसती गप्पिष्ट समजतात ती काबाए, पाणघोडी. मला ही मालिका तुमच्याच बाजूची वाटते. जो राबतो तो का दिसत नाही, हाच तिचा प्रश्न आहे.

प्रश्न : माझं काम दुसरंच कुणी बैठकीत स्वतःचं म्हणून सांगतं. मी जपानी कंपनीत आहे, तिथे उघड बोलणं शोभत नाही म्हणतात. मी काय करू?

जपानी ऑफिसात पहिल्या दिवशी 'होरेन्सो' शिकवतात. होकोकु म्हणजे अहवाल, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे सल्ला विचारणं. तिन्हींची आद्याक्षरं जोडली की होरेन्सो, जपानीत पालकाची भाजी. १९८२मध्ये यामातने या शेअरदलाली कंपनीचे अध्यक्ष तोमिजी यामाझाकी यांनी ही मोहीम आपल्या कंपनीत सुरू केली. खालच्या माणसाचं म्हणणं, विशेषतः वाईट बातमी, वरपर्यंत पोहोचावी, असा त्यांचा हेतू होता. पुढे बऱ्याच ठिकाणी ते उलटं झालं, साहेबाला खूश ठेवण्याचं तंत्र झालं. तुम्ही ते मूळ हेतूने वापरा. काम संपल्यावर कळवू नका, मध्यावर कळवा आणि सल्ला विचारा. 'हे इथपर्यंत आणलंय, पुढे दोन वाटा आहेत, कोणती घेऊ?' ज्याने सल्ला दिला तो साहेब विसरत नाही की काम कोण करत होतं. यात कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही.

आणि बैठकीत दुसऱ्याचं नाव घ्यायची सवय लावा. सहकाऱ्याने केलेली गोष्ट त्याच्या नावानिशी सांगा. दोन-तीन महिन्यांत इतरही तसं करू लागतात. हे मी उशिरा शिकले.

त्या रात्रीनंतर पाच महिन्यांनी, मार्चअखेरच्या तयारीत, मागच्या ताळेबंदातल्या चुकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात शेऱ्याचा एक रकाना असतो, तो सगळे मोकळा ठेवत. मी तिथे लिहिलं, ८२,०००ची नोंद २८,००० झाली होती, २ ऑक्टोबरच्या रात्री अमुक यांनी शोधली, नऊच्या भागाकाराने. पूर्ण नाव लिहिलं आणि कागद शिक्क्यासाठी फिरायला पाठवला. तो खिडकीशी पोहोचला तेव्हा मी मान खाली घालून काम करत होते. थोड्या वेळाने ते उठून माझ्या टेबलाशी आले. कागद समोर ठेवला, त्यांचा शिक्का चौकोनात अगदी सरळ होता. शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून ते म्हणाले, "बारा वाजून गेले होते. ३ ऑक्टोबर लिहा."